सगळ्यांचं एकच घड्याळ

सोमवार, ४ मार्च

ही वही माझ्या छोटीची. गणिताची, सहा पानं वापरून सोडून दिलेली. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यापासून माझे हात गार पडलेत आणि बोलायला कुणी नाही, म्हणून लिहायला बसलेय. ह्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, "यात तुझा काय संबंध?" त्याच प्रश्नाचं उत्तर मला आज द्यायचं नाहीये.

काय झालं ते आधी नीट लिहिते. काल रविवार, माझी सुट्टी. आमचं रुग्णालय वीस खाटांचं, एका संस्थेचं. सहा नंबरच्या खाटेवर टेलरकाका आहेत. पायाची जखम भरत नाही म्हणून तीन आठवडे इथेच. साखर भयंकर. दिवसातून दोनदा इन्सुलिनचं इंजेक्शन, सकाळच्या खाण्याआधी आणि संध्याकाळच्या जेवणाआधी. काल संध्याकाळी ते त्यांना दोनदा दिलं गेलं. पहिलं धाकट्या सिस्टरने, सात चाळीसला. दुसरं मोठ्या सिस्टरनी, साडेआठच्या सुमाराला. नऊच्या आत काका घामाने निथळले आणि बोलेनासे झाले. लक्षात आलं तेही मोठ्या सिस्टरच्याच. त्यांनीच सलाइनमधून साखर सोडली, डॉक्टरांना बोलावलं. आता काका वरच्या मजल्यावर देखरेखीच्या खोलीत आहेत. अजून शुद्ध नाही.

दोघीही कामाला चोख. मग झालं कसं? वॉर्डच्या टेबलावर संगणक एकच, पण प्रत्येक सिस्टरचं लॉगिन वेगळं. कोपऱ्यातलं घड्याळ धाकटीला बारा तासांचं दिसतं आणि मोठ्या सिस्टरना चोवीस तासांचं. धाकटीने कोपऱ्यात जे दिसलं ते काकांच्या नोंदीच्या रकान्यात टाकलं: "शेवटचं इंजेक्शन ७:४०". आणि शेवटची बस चुकू नये म्हणून आठला पाच कमी असतानाच ती निघाली. मोठ्या सिस्टर आठला आल्या, रकाना पाहिला. त्यांच्या हिशोबी संध्याकाळ म्हणजे १९:४०. ७:४० म्हणजे सकाळ. सकाळचं इंजेक्शनही रोज त्याच सुमाराला असतं. म्हणजे संध्याकाळचं राहिलंय. दिलं.

सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं.

"हे घड्याळाचं काम कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे, सर. संगणकाचं सगळं मीच बघते."

"मग सगळ्यांचं एकच करा. चोवीस तासांचं. शनिवारी अकराला चौकशी आहे, त्याच्या आत."

"हो, सर."

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही, सर."

मोठ्या सिस्टरना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी दहा मिनिटांत काम उरकलं. घड्याळाच्या सेटिंगमध्ये गेले, चोवीस तास निवडलं, तिथे लगेच ठसठशीत खूण दिसायला लागली. एवढ्याशा गोष्टीसाठी मी काल जेवले नव्हते. डॉक्टरांना सांगायला निघालेच होते, पण म्हटलं दुपारची पाळी येऊ दे.

दोनला धाकटी आली. डोळे सुजलेले. लॉगिन केलं. कोपऱ्यात २:०४.

"ताई, हे तर तसंच आहे."

तिला म्हटलं, बाहेर पड, परत आत ये. तसंच. म्हणजे मी फक्त माझं स्वतःचं घड्याळ बदललं होतं. माझ्या घड्याळाने कुणाला इंजेक्शन द्यायचं नसतं!

मधल्या वेळात मोठ्या सिस्टर रजेच्या अर्जावर सही करायला आल्या होत्या. पांढऱ्या गणवेशाशिवाय त्यांना पहिल्यांदा पाहिलं. लहान दिसत होत्या. मी पाणी आणायला गेले तेवढा वेळ माझ्या खुर्चीत बसून होत्या. परत आले तर उठून उभ्या, पाणीही प्यायल्या नाहीत. "तुझ्या टेबलावर किती पसारा असतो गं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. एवढ्या मोठ्या संकटात माणसाला दुसऱ्याच्या टेबलावरचा पसारा दिसतो, कमालच आहे.

आता लिहूनच टाकते, नाहीतर वही कशाला काढली?

नऊ जानेवारीला मोठ्या सिस्टरनी मला सांगितलं होतं. "अगं, त्या घड्याळाचं बघ. प्रत्येकीला वेगळं दिसतं. कधीतरी घोळ होईल." नुसतं सांगितलं नाही, तक्रारवहीत लिहिलं. मी त्याखाली "पाहिले" असं लिहून सही केली. तेव्हा वार्षिक अहवाल चालू होता, दोन प्रिंटर बंद होते, छोटीला ताप होता. सगळं खरं आहे. पण त्यानंतर जानेवारीचे तीन आठवडे गेले, अख्खा फेब्रुवारी गेला, आणि तेव्हा प्रिंटर चालू होते आणि छोटीही शाळेत जात होती.

मी विसरले नव्हते. हे लिहायला जड जातंय. ते कसं करायचं मला येत नव्हतं, आणि येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझं कंत्राट एकतीस मार्चला संपतं.

तक्रारवही माझ्याच कपाटात असते. उद्या उघडून बघते, नेमके शब्द काय होते ते.

बुधवार, ६ मार्च

पान नाही.

आठ जानेवारीच्या नोंदीनंतर थेट अकरा जानेवारी. मध्ये शिवणीपाशी कापल्याची सरळ रेघ. फाडलेलं नाही, धारदार पात्याने कापलेलं, इतकं सफाईने की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

म्हणजे कुणाला तरी माहीत आहे. कुणीतरी ते पान घेऊन बसलंय आणि शनिवारी सगळ्यांसमोर काढणार. कोण असेल? माझ्या शेजारी भांडारपाल बसतात. त्यांच्या भाचीने संगणकाचा कोर्स केलाय हे ते मला महिन्यातून दोनदा ऐकवतात. कपाटाची दुसरी किल्ली वॉर्डच्या टेबलावर लटकलेली असते, कुणीही घेऊ शकतं. आज दिवसभर भांडारपालांच्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

टेलरकाका आज दुपारी शुद्धीवर आले. मुलीला ओळखलं. बोलताना जीभ जड होते आणि उजव्या हाताची बोटं नीट वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात, सुधारेल, कदाचित. तो "कदाचित" मी जिन्यात उभी राहून ऐकला.

घड्याळाचं काम तसंच आहे.

गुरुवार, ७ मार्च

ज्यांनी संगणक बसवला त्यांना फोन लावला. आधी तीन वेळा गाणं ऐकवलं, मग एक संगणकवाले आले. आवाजावरून वयस्कर वाटले, पण शांत. मी लाज गुंडाळून ठेवली आणि म्हटलं, "मला हे येत नाही. मला अगदी पहिलीतल्या मुलीला सांगतात तसं सांगा."

"हे बरं झालं," ते म्हणाले. "येतंय म्हणणाऱ्यांना समजावताना माझा घसा बसतो. बघा मॅडम, तुम्ही तुमच्या खोलीतलं घड्याळ बदललंत. आपल्याला अख्ख्या इमारतीला सांगायचंय."

त्यासाठी एक छोटी फाइल बनवायची, यंत्राच्या मालकाच्या पासवर्डने. तिच्यात दोनच ओळी: कोणती सेटिंग आणि ती कशावर ठेवायची. मग एक आदेश द्यायचा, म्हणजे यंत्र ती फाइल वाचून घेतं. मग सगळ्यांनी बाहेर पडून परत आत यायचं. त्यांनी सांगितलं तसं एकेक अक्षर लिहिलं. आदेश दिला. यंत्राने लाल अक्षरांत काहीतरी ओरडून दाखवलं.

"अवतरणचिन्ह राहिलं का एखादं?"

राहिलं होतं. एक इवलीशी उभी रेघ. ती घातली. या वेळी यंत्र गप्प बसलं. गप्प बसणं म्हणजे ऐकलं, असं ते म्हणाले.

चाचणीसाठी एक नवीन लॉगिन बनवून बघितलं. चोवीस तास! फोनवरच ओरडले. मग धाकटीला बोलावलं. ती बाहेर पडली, आत आली. ३:२५.

"तिने कधीतरी स्वतःच्या हाताने बारा तास निवडलं असणार," संगणकवाले म्हणाले. "आपण सांगितलं ते फक्त न निवडणाऱ्यांसाठी. ज्याने स्वतः निवडलंय त्याचं खरं धरलं जातं."

"मग?"

"मग कुलूप लावायचं. ते उद्या. माझी सुट्टी झाली, मॅडम."

मी त्यांना जवळजवळ हात जोडले, पण फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत.

निघताना टेलरकाकांच्या मुलीने जिन्यात गाठलं. शाळेत चित्रकला शिकवते, हाताला रंग लागलेला. "तुम्ही ऑफिसातल्या ना? मला एकच सांगा. हे दोघी नर्सनीच केलं, की आणखी कुणाला आधी माहीत होतं?"

मी म्हटलं, "शनिवारी चौकशी आहे."

हे उत्तर नव्हतं. तिलाही कळलं. बाजूला होऊन तिने मला वाट दिली.

ह्यांना आज पानाबद्दल सांगितलं. जेवता जेवता थांबले. "पान गेलं ना? मग सुटलीस. कुणी कापलं असेल त्याचं भलं होवो. तू आता तोंड मिटून बस." मग थोड्या वेळाने म्हणाले, "मी शाळेची बस चालवतो. आरशात एक पोर दिसलं नाही तर काय होतं ते मला माहीत आहे. पण तुझी नोकरी गेली तर छोटीचं काय, तेही मला माहीत आहे."

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी नऊलाच संगणकवाल्यांचा फोन आला, मी करायच्या आधी. दुसरी फाइल, एकच ओळ: ही गोष्ट कुणालाही बदलता येणार नाही. पुन्हा आदेश. धाकटी बाहेर, धाकटी आत. ०९:३८.

तिने सेटिंग उघडून बारा तासांवर टिचकी मारून बघितली. हलेना. मग तिथेच बसून रडली. "हे महिन्यापूर्वी असतं तर, ताई." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते?

दुपारपर्यंत पाच जणींची लॉगिन तपासली. राहिल्या मोठ्या सिस्टर. पासवर्ड त्यांनाच माहीत, त्यांना वॉर्डमध्ये बोलवायला परवानगी नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्या, तिसरा मजला. एकट्याच राहतात. दार उघडलं तेव्हा इस्त्री चालू होती. पाच पांढरे गणवेश खुर्चीवर ओळीने टांगलेले. घरी बसवलंय तरी गणवेशांना इस्त्री.

"सवय," त्या म्हणाल्या. "बस. सहा नंबर कसे आहेत?"

मी सांगितलं. बोटांचंही सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"सकाळी चौदा, संध्याकाळी दहा युनिट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोनदा दहा. वर जेवले अर्धंच, कारण त्या दिवशी त्यांना बरं वाटत नव्हतं. नऊ नंबरच्या आजींचं पाणी बंद केलं का? आणि अकराच्या टाक्यांचा आज सहावा दिवस, ते उद्या काढायचे." एकाही कागदाकडे न बघता वीस खाटा त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवल्या.

मग मी विचारलं. किती वेळ जिभेवर घोळत होतं ते. "सिस्टर, जानेवारीत तुम्ही मला घड्याळाबद्दल काही बोलला होतात का?"

"जानेवारीत?" त्यांनी गणवेशाची कॉलर उलटी केली. "मला काल काय खाल्लं ते आठवत नाही, जानेवारीचं कुठलं? नाही गं. काही बोलले नसेन."

मला एवढं हलकं वाटलं की लाज वाटली. विसरल्या आहेत. वय झालं, त्यात हा धक्का. म्हणजे जगात फक्त एकाच माणसाला माहीत आहे, ज्याच्याकडे ते पान आहे त्याला.

त्यांनी पासवर्ड लिहून दिला. मी निघताना म्हणाल्या, "तुझी छोटी कितवीत आता?"

"चौथीत."

"आणि तुझं कंत्राट मार्चअखेर ना?"

"एकतीसला."

"हं. उद्या तिथे फार बोलू नकोस. विचारतील तेवढंच सांग. घड्याळ केलंस, ते छान केलंस." आणि माझ्या ओढणीचा निघालेला धागा कापला. त्यांच्या पिशवीत पट्ट्या कापायची छोटी कात्री आणि पातं नेहमीच असतं.

परत येऊन त्यांचं लॉगिन तपासलं. त्यांचं आधीपासूनच बरोबर होतं.

शनिवार, ९ मार्च

संस्थेचे चिटणीस, मोठे डॉक्टर, टेलरकाकांची मुलगी, आम्ही तिघी. सहा खुर्च्या आणि एक पंखा, तो फिरताना कटकट करत होता.

आधी मी. घड्याळात काय फरक होता, आता काय केलंय. संगणक तिथेच आणून सहाही लॉगिन दाखवली. सगळीकडे चोवीस तासांचीच खूण, सगळीकडे ११:१७, मग ११:१८. चिटणीस म्हणाले, "छान. काम झालेलं दिसतंय." माझे कान तापले.

मग धाकटी. बसचं सांगितलं, रकान्याचं सांगितलं, तोंडी न सांगता निघाल्याचं सांगितलं. काहीही लपवलं नाही. तेवीस वर्षांची आहे.

मग मोठ्या सिस्टर.

चिटणीसांनी विचारलं, "तुमच्या लॉगिनला घड्याळ एक दिसतं, हिच्या लॉगिनला दुसरं. तुम्ही इतक्या अनुभवी. हे तुमच्या कधी लक्षात आलं नाही?"

"नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत? लेखी, तोंडी?"

"नाही. लक्षातच आलं नाही, तर सांगणार काय?"

भांडारपाल खोलीत नव्हतेच. पान कुणी काढलं नाही. मी दाराकडे बघत राहिले, दार उघडलं नाही.

"मी हिला फोन करून विचारायला हवं होतं," सिस्टर म्हणाल्या. "काकांना विचारलं तर ते म्हणाले, आठवत नाही. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. थांबले नाही. चूक माझी आहे."

टेलरकाकांची मुलगी पहिल्यांदाच बोलली. "चौतीस वर्षं काम करून तुम्हाला हे कधीच दिसलं नाही?" सिस्टर तिच्याकडे बघून म्हणाल्या, "नाही दिसलं, बेटा." तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. राग नव्हता. किळस होती.

निर्णय: मोठ्या सिस्टरना कामावरून काढणार, निष्काळजीपणाचा शेरा देऊन. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. धाकटीला ताकीद. माझ्यासाठी "समाधानकारक".

मी आभार मानले. खरंच मानले. माझ्याच आवाजात ऐकले.

रविवार, १० मार्च

छोटी विचारत होती, तू माझ्या वहीत काय लिहितेस? म्हटलं, अभ्यास.

कपडे वाळत घालताना एकदम हातातला चिमटा पडला. नऊ नंबरच्या आजींचं पाणी. अकराचे टाके, सहावा दिवस. दहा युनिट. ज्या बाईला हे सगळं तोंडपाठ, ती जानेवारीत स्वतःच्या हाताने लिहिलेलं विसरते?

आणि विसरली असेल तर "लेखी, तोंडी?" या प्रश्नावर क्षणभर तरी आठवायचा प्रयत्न करेल ना. त्या थांबल्याच नाहीत. उत्तर तयारच होतं.

आणि मंगळवारी मी पाणी आणायला गेले तेव्हा त्या माझ्या कपाटापाशी एकट्या होत्या, पिशवीत पातं घेऊन. भांडारपालांची, मनातल्या मनात का होईना, माफी मागितली.

ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ बूट पुसत राहिले, पुसलेलेच. "उद्या जाणार असशील," म्हणाले, प्रश्नासारखं नाही. मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर?"

"तर तू जाशील आणि मला सांगणार नाहीस. त्यापेक्षा मी नको म्हणत नाही."

सोमवार, ११ मार्च

नऊ वाजता डॉक्टरांच्या दारात. आत एक रुग्ण होता, तेवढी पाच मिनिटं पळून जायला पुरेशी होती. गेले नाही.

सगळं सांगितलं. नऊ जानेवारी, शब्द, माझी सही. येत नव्हतं म्हणून केलं नाही हेही. डॉक्टर चष्मा काढून डोळे चोळत होते.

"वही आणा."

आणली. कापलेली कड दाखवली.

"पान कुठे आहे?"

"माहीत नाही, सर."

"म्हणजे तुमच्याविरुद्ध काहीही पुरावा नाही, आणि तुम्ही स्वतःहून मला सांगताय."

"हो, सर."

त्यांनी मोठ्या सिस्टरना बोलावून घेतलं. त्या अर्ध्या तासात आल्या. आल्या त्या माझ्यावरच. "हिला काही कळत नाही, डॉक्टर. घाबरलीये पोर. असं काही नव्हतंच."

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "पान तुम्ही कापलंत का?"

इतका वेळ सरळ उभ्या असलेल्या बाई खुर्चीत बसल्या. "हो."

बाहेर आल्यावर जिन्यापाशी मला धरलं. दंडाला. दुखलं. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? मला काय, आठ महिने. तुझं सगळं पुढे पडलंय. एवढं साधं कळत नाही?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, सिस्टर. त्या मुलीसमोर."

"इंजेक्शन माझ्याच हातांनी दिलं," त्या म्हणाल्या. "त्यात खोटं काहीच नव्हतं." आणि दंड सोडला. जिना उतरताना कठड्याला धरून उतरल्या. मागे वळून बघितलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

टेलरकाकांच्या मुलीला सांगितलं. डॉक्टरांनी सांगितलं असतंच, पण तिने प्रश्न मला विचारला होता. देखरेखीच्या खोलीबाहेर, बाकावर.

ती ऐकत होती. मी संपवल्यावर म्हणाली, "माझ्या बाबांनी पंचेचाळीस वर्षं सुईत दोरा ओवला. काल ओवायला मागितला. वीस मिनिटं लागली, आणि तरी नाही जमलं."

मी काही बोलणार तर हात वर केला. "आत्ता माझ्यासमोर उभ्या राहू नका."

गेले.

गुरुवार, १४ मार्च

निर्णयाचं पत्र. मोठ्या सिस्टरना काढण्याचा आदेश मागे. ताकीद राहील, आठ महिने पूर्ण करतील. वही कापल्याबद्दल वेगळी ताकीद. पाळी बदलताना तोंडी सांगितल्याशिवाय कुणी जायचं नाही, बस गेली तरी. माझं कंत्राट एकतीसनंतर वाढवणार नाहीत.

पत्र दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि प्रिंटरमध्ये कागद भरले, कारण संपले होते. घरी ह्यांनी पत्र वाचलं, ताटं वाढून घेतली, छोटीला म्हणाले, "आज आईला काही काम सांगायचं नाही." मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत बसले.

रात्रभर धडधड होईल असं वाटलं होतं. झाली. पण ती पुढच्या महिन्याची. दहा दिवसांची जी वेगळी होती, ती नव्हती.

शनिवार, १६ मार्च

टेलरकाका आज घरी गेले. जखम आता घरी भरेल म्हणतात. बोलणं जवळजवळ नीट, बोटं अजून नाहीत. पण जीभ सुटली तशी नजरही परत आलीये. मोठ्या सिस्टरच्या गणवेशाकडे बघून म्हणाले, "उजवी बाही अर्धा इंच लांब शिवलीये. कोणी शिवली?" सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही बरे व्हा आणि दुरुस्त करून द्या." काका स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले.

घरी इंजेक्शन मुलीलाच द्यायचंय. सिस्टर तिला शिकवत होत्या. मला सुट्टीचे कागद घेऊन तिथे जावंच लागलं, नाहीतर गेले नसते. दारातच थांबले.

सिस्टर तिच्याशी गोड बोलल्या नाहीत, माफीही मागितली नाही. ती बहुतेक आधीच मागून झाली होती, किंवा मागण्यासारखी नव्हती. फक्त म्हणाल्या, "आधी बाटली बघायची. मग काटा. मग पुन्हा बाटली." मुलीने सुई उचलली. सिस्टरचा हात तिच्या हातापासून वीतभर अंतरावर, धरायला तयार, पण धरला नाही. सुई गेली. काकांनी डोळे मिटले, उघडले. "बस? एवढंच?"

मुलीने पिशवीतून एक कोरी वही काढली. घरून रेघा मारून आणली होती, चित्रकलेच्या बाईंच्या रेघा, एकही वाकडी नाही. तारीख, सकाळ, संध्याकाळ, किती, कुणी दिलं. प्रत्येकाला वेगळा रकाना. तिने भरायला घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी कागद टेबलावर ठेवले आणि मागे वळणार, तेवढ्यात तिने वही माझ्या बाजूला सरकवली.

"बरोबर आहे का बघा."

सकाळ, ०७:५०, चौदा, मुलगी.

मी दोनदा वाचलं. मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग म्हटलं, "बरोबर आहे."